डिपेंडंटच्या रांगेत बायको

अमेरिकेतला आमचा पहिला टॅक्स रिटर्न मी भरायला घेतला आणि पहिल्याच पानावर बायकोला मुलीच्या खाली बसवलं.

फॉर्मवर 'डिपेंडंट्स' असा एक चौकोन असतो. आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसांची नावं तिथे लिहायची, शेजारी नातं लिहायचं. पहिल्या ओळीत मी मुलीचं नाव लिहिलं. खाली दुसरी ओळ रिकामी दिसली. रिकामी ओळ दिसली की भरून टाकायची ही माझी शाळेपासूनची खोड. न येणाऱ्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा मी कधी कोरं सोडलेलं नाही. तेव्हा दुसऱ्या ओळीत बायकोचं नाव घातलं, नात्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'वाइफ' लिहिलं आणि लांबून एकदा बघून घेतलं. छान दिसत होतं.

शनिवारची सकाळ होती. प्लेनो शहरातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये एकच टेबल होतं, त्यावर जेवण, मुलीचा अभ्यास आणि त्या दिवशी माझा टॅक्स. मुलगी बारा वर्षांची. तिने माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलं.

"बाबा, आय थिंक धिस इज रॉन्ग. आई माझी सिस्टर आहे का?"

हे ऐकून बायको पोह्यांची बशी घेऊन आली. तिने फॉर्म वाचला.

"माझ्या आधी हिचं नाव?"

"अगं, मानाचा क्रम नसतो तिथे."

"आणि मी डिपेंडंट?"

"व्हिसावर तसंच आहे ना आपल्या."

तिने बशी टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे शेंगदाणे उडाले.

हा शब्द आमच्या घरात व्हिसाबरोबर आला. मला काम करायचा व्हिसा आणि बायको-मुलीला माझ्या शेपटीला बांधलेला, ज्याला इथे सगळे सरळ 'डिपेंडंट' म्हणतात. त्यावर राहता येतं, शिकता येतं, नोकरी करता येत नाही. दिवाळीच्या पॉटलक जेवणाला कुणी विचारलं, "वहिनी, तुम्ही काय करता?" की ती म्हणायची, "मी डिपेंडंटवर आहे." एखाद्याने 'मी सध्या गोळ्यांवर आहे' म्हणावं तसं.

नागपूरला ती एका सहकारी बँकेत ऑफिसर होती, कर्जविभागात. तिच्या सहीशिवाय आमच्या भागात कुणाचं घर उभं राहत नसे. रस्त्यात लोक मला वाकून नमस्कार करायचे आणि मला कितीतरी वर्षं वाटायचं की माझ्या व्यक्तिमत्त्वात काहीतरी आहे. आमचं अमेरिकेला येणंसुद्धा तिच्या ब्रँचमुळे पुढे गेलं होतं. कंपनी म्हणत होती, मार्चमध्ये या. ती म्हणाली, "मार्च एंड झाल्याशिवाय मी टेबल सोडणार नाही." मी इथल्या मॅनेजरला तसं कळवलं. त्याला मार्च एंड हा आपला सण वाटला असावा. 'कुटुंबासोबत आनंदाने साजरा करा,' असं त्याचं उत्तर आलं. तिने एप्रिलभर चार्ज दिला आणि आम्ही मे महिन्यात आलो.

आता माझ्या टॅक्सच्या ज्ञानाबद्दल. तिकडे माझा रिटर्न लग्न झाल्यापासून तीच भरायची. मी फक्त "सही कुठे करू?" एवढं विचारायचो, आणि तेही दरवर्षी. मग इथे मी का हात घातला? लोकांना मी सांगत होतो, तिला कशाला त्रास. खरं कारण असं की मला भयंकर उत्साह आला होता. पगारातून टॅक्स कापला जाणं वेगळं. आपण टेबलाशी बसून, आपल्या हाताने या देशाला आपलं सगळं सांगायचं, खाली सही करायची, म्हणजे आपण इथले कुणीतरी झालो, असं मला वाटत होतं. वर्षभराच्या पगाराचा जो कागद कंपनी देते, तो डब्ल्यू-टू, हातात पडला त्या दिवशी मी पार्किंगमध्ये उभा राहून त्याचा फोटो भावाला पाठवला. त्याने विचारलं, "काय, प्रमोशन?" मी लिहिलं, "टॅक्सचा कागद." त्याने नुसता अंगठा पाठवला. तिकडच्या माणसाला यातली गंमत कळणं अवघड आहे.

तर पोहे टेबलावर आणि वातावरण तापलेलं, अशा वेळी वरच्या मजल्यावरचा आमचा मित्र आला. हा मुंबईचा, इथे येऊन बरीच वर्षं झालेला, आणि कॉम्प्लेक्समधल्या प्रत्येक नव्या कुटुंबाचा बिनफी सल्लागार. गाडी कुठली घ्यावी इथपासून कढीपत्ता कुठे मिळतो इथपर्यंत त्याचं मत तयार असतं. आल्याआल्या त्याने बशी पुढ्यात ओढली.

"अरे यार, एवढं काय टेन्शन घेतोस? वहिनींना नंबर आहे का?"

"कुठला नंबर?"

मग त्याने समजावलं. नोकरी करणाऱ्याला सरकार एक नंबर देतं, तो माझ्याकडे होता. बायकोला नोकरीच नाही, म्हणून तो नंबर नाही. अशा माणसांसाठी टॅक्सपुरता वेगळा नंबर मिळतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज, खरे पासपोर्ट दाखवणं, मोठी भानगड.

"तू सरळ एकट्याचा फाइल कर," तो म्हणाला. "वहिनींच्या नंबरच्या जागी तीन अक्षरं टाकायची. एन, आर, ए. खेळ खलास."

"म्हणजे काय ते?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"नॉन-रेसिडेंट एलियन, वहिनी. वाईट काही नाही हां त्यात. टॅक्सची भाषा आहे."

"ओ माय गॉड," मुलगी आनंदाने किंचाळली, "आई इज अॅन एलियन!"

"भाऊजी, अजून पोहे घ्या," बायको म्हणाली. कर्ज नामंजूर करायचं ठरलं की ती समोरच्या माणसाला आधी पाणी विचारायची, तो हा आवाज. मी ओळखला. त्याने पोहे घेतले.

तो गेल्यावर ती माझ्यासमोर बसली.

"सकाळी मी हिच्या खालची होते. आता तीन अक्षरं झाले. जेवायच्या वेळेपर्यंत काय करणार आहात माझं?"

"अगं, तो म्हणाला..."

"तो काहीही म्हणू दे. अहो, मला त्यातलं काही नको. पण त्या कागदावर मला माझी ओळ पाहिजे. तुमच्या मागे नाही, हिच्या खाली नाही. माझं नाव, माझा नंबर आणि मी कोण ते. बास."

एवढं बोलून तिने माझ्याकडची सूचनांची पुस्तिका उचलली. मी ती छापून आणली होती, उघडली नव्हती. तिने चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि बँकेचं सर्क्युलर वाचावं तशी पहिल्या पानापासून सुरुवात केली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी विचारलं, "बंद करू का?" तिने पान उलटलं. मुलीने आणि मी आपापल्या बुद्धीने कुकर बंद केला, डाळ जरा खाली लागली. बऱ्याच दिवसांनी ती अशी बसली होती, कपाळाला आठी आणि कानामागे केस. मला एकदम तिच्या ब्रँचमधल्या काचेपलीकडची ती दिसली.

आणि मग तिने हाक मारली. हाक कसली, आरोळीच.

"अहो! इकडे या! हे वाचा. नाही, मोठ्याने वाचा."

पेन्सिलीने खूण केलेली ओळ मी इंग्रजीत वाचली, मग तिच्या आग्रहावरून मराठीत सांगितली: टॅक्सच्या कामात जोडीदार कधीही तुमचा डिपेंडंट धरला जात नाही.

"कधीही?"

"कधीही."

"व्हिसा कुठलाही असला तरी?"

"व्हिसाचं नावच नाही इथे."

"परत वाचा."

मी परत वाचलं. मुलगी म्हणाली, "आई, यू गॉट प्रमोटेड!" बायको हॉलमधून स्वयंपाकघरात गेली, तिथून परत आली, आणि नागपूरला ताईला फोन लावला. "ताई, झोपली होतीस का? अगं ऐक ना, मी डिपेंडंट नाहीये!" पलीकडे ताई घाबरलीच. "म्हणजे? सोडलंस की काय त्यांना?" तिची समजूत काढायला वेळ लागला. ताईला शेवटपर्यंत काय कळलं देव जाणे, पण रविवारी तिचा मला वेगळा फोन आला, "सगळं ठीक आहे ना तुमचं?"

पुढचा मामला असा होता. दोघांनी मिळून एक रिटर्न भरता येत होता. तिचं नाव माझ्या बरोबरीने वर, डिपेंडंटच्या रांगेत फक्त मुलगी. पण आम्ही मे महिन्यात आलेलो. त्याआधीचे महिने तिकडचे. तेव्हा 'आम्हाला पूर्ण वर्ष इथलेच धरा' असं दोघांनी लिहून सही करून द्यायचं. आणि पूर्ण वर्ष इथलेच म्हटलं की जानेवारीपासूनचा तिकडचा पगारही दाखवायचा. दोघांचा.

"दोघांचा?" तिने विचारलं.

"हो ना, डोक्याला ताप."

"माझा पगार? आपल्या नागपूरच्या ब्रँचचा? अमेरिकेच्या फॉर्मवर?"

"अगं, खूश काय होतेस, त्यावर टॅक्स लागेल!"

"तिकडे भरलाय तो वजा मिळतो. पुढच्या पानावर आहे." तिने ते पानही वाचून ठेवलं होतं.

मी उत्साहाने तिकडचा फॉर्म सोळा शोधून काढला आणि आकडे उतरवायला लागलो, तर तिने माझ्या हातावर चापटी मारली. "एप्रिल ते मार्चचा कागद आहे तो. यांचं वर्ष जानेवारीला सुरू होतं आणि डिसेंबरला संपतं." मग थोडा विचार करून म्हणाली, "आणि डिसेंबर एंडला हे लोक सुट्टीवर असतात. वर्ष संपतंय आणि सुट्टीवर! चालतं कसं यांचं?" जानेवारी ते एप्रिलच्या पगाराच्या स्लिपा तिच्याकडे होत्या. माझ्याही तिच्याकडेच होत्या.

त्यानंतर आमच्या घराचं रूपच बदललं. मी ऑफिसातून आलो की ती दिवसभरात काढून ठेवलेले प्रश्न विचारायची, मी उत्तरं द्यायचो, चुकीची असली की ती दुरुस्त करायची. मला लायब्ररीत प्रिंट काढायला पाठवलं जाई. मुलगी टेप आणि स्टेपलर सांभाळायची. जेवताना आम्ही टॅक्सवर बोलायचो आणि हसायचो. कुणी बाहेरून ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, घरात लग्न ठरलंय.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि सहीच्या जागेपाशी गाडी अडली. फॉर्मच्या शेवटी माझी सही, तिची सही, आणि दोघांच्याही सहीशेजारी एक छोटा चौकोन: व्यवसाय. माझ्या चौकोनात मी 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' लिहिलं.

"तुझ्यात होममेकर लिही," मी सहज म्हणालो.

तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"आत्ता तू घरीच आहेस ना, म्हणून म्हटलं."

"फॉर्म आत्ताचा आहे की गेल्या वर्षीचा?"

"गेल्या वर्षीचा."

"गेल्या वर्षीचा माझा पगार दाखवलाय ना त्यात? कुठल्या बँकेने होममेकरला पगार दिला?"

मुद्दा बिनतोड होता, पण मला खरोखर भीती वाटत होती. वरच्या मित्रानेच ती घातली होती: वहिनींच्या नावापुढे नोकरी दिसली आणि कुणाला वाटलं की त्यांनी इथे येऊन चोरून काम केलं, तर व्हिसाची वाट लागेल. मी तिला तसं सांगितलं. मुलीची शाळा आहे, नुकतं कुठे बस्तान बसतंय, एका शब्दासाठी सगळ्यांना परत जावं लागलं तर?

"एका शब्दासाठी," ती म्हणाली. "मग त्याच एका शब्दासाठी मी काय म्हणतेय तेही ऐका की. सोळा वर्षं मी ते टेबल सांभाळलं. इथे आल्यावर प्रत्येक कागदावर मी तुमची कोण ते लिहिलं. मी कोण ते लिहायला हा पहिला चौकोन मिळालाय." मग तिनेच पेनचं टोपण लावलं. "राहू दे. कोरा ठेवते. तिथे जाऊन बघू."

माझ्यासारख्या माणसाला तो कोरा चौकोन किती टोचला असेल, विचार करा.

पासपोर्ट टपालाने पाठवायची आमची छाती नव्हती. त्यापेक्षा टॅक्स ऑफिसची वेळ घेऊन प्रत्यक्ष दाखवता येतात आणि तिथल्या तिथे परत मिळतात, हे तिने शोधून काढलं होतं. मुलीच्या स्प्रिंग ब्रेकमधला दिवस मिळाला. बायकोने बँकेत ऑडिटच्या दिवशी नेसायची ती साडी नेसली, खाली स्पोर्ट्स शूज घातले आणि गाडीची किल्ली उचलली. लायसन्स तिला नुकतंच मिळालं होतं, हायवेवर ती फारशी गेली नव्हती. पण मी इतका अस्वस्थ होतो की फाइल दोन्ही हातांनी धरून शेजारी बसणंच मला झेपण्यासारखं होतं. रस्त्याच्या कडेला निळी रानफुलं फुलली होती. ती म्हणाली, "बघा ना किती सुंदर." मी म्हणालो, "तू पुढे बघ."

काउंटरवर एक बाई होत्या, आमच्यापेक्षा वयाने मोठ्या, चष्म्याला साखळी. त्यांनी हसून विचारलं, "तुमच्यापैकी स्पाउज कोण?"

मी हात वर केला.

तसा मी चूक नव्हतो, आम्ही दोघंही एकमेकांचे स्पाउजच. पण मुलीने कपाळाला हात लावला आणि बायको पुढे झाली. बाई पासपोर्ट उघडून बघू लागल्या आणि थांबल्या.

"हे तुमचं मधलं नाव?"

"हो," बायको म्हणाली.

"आणि हे यांचं पहिलं नाव?"

"हो."

"आणि मुलीचंही मधलं नाव हेच." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्ही तर सगळीकडेच आहात."

"ओन्ली ऑन पेपर," बायको म्हणाली. बाई इतक्या हसल्या की शेजारच्या काउंटरवरच्या माणसाने वळून बघितलं.

मग त्यांनी रिटर्न चाळला. शेवटच्या जागी आल्यावर त्यांचं बोट नेमकं त्या चौकोनावर थांबलं. "हे राहिलंय, हनी. आणि सही पण."

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडून 'होम' एवढं बाहेर पडलंही. तोवर बायकोने पेन उचललं होतं. तिने सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहिलं: बँक ऑफिसर. आणि शेजारी पासपोर्टवर आहे तशी, तिची नेहमीची मराठीतली सही केली, खाली दोन टिंबांसकट.

बाईंनी कागद स्वतःकडे फिरवला.

"बँकेत होतात? कुठे?"

"इंडियात. एप्रिलपर्यंत. त्याचा पगार दाखवलाय, आधीच्या पानावर आहे."

बाईंनी पान उलटलं, बघितलं, मान हलवली. कुठे घंटा वाजली नाही, कुणी धावत आलं नाही. "छान," त्या म्हणाल्या, "म्हणजे हिशोब तुम्हीच तपासला असणार." आणि परत माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान डोलावली. सरकारी कचेरीत खोटं बोलू नये. ती सही मात्र त्यांनी पुन्हा एकदा जवळ घेऊन बघितली आणि विचारलं, ही लिपी कुठली. मुलीने मला मध्ये बोलू न देता सांगितलं, "इट्स मराठी. शी साइन्ड पीपल्स लोन्स विथ दॅट."

पासपोर्ट परत हातात आले. नंबर टपालाने येईल, वेळ लागेल, असं बाई म्हणाल्या. तो पुढे उन्हाळ्यात आला, फक्त तिच्या नावाच्या पाकिटातून. या देशात तिला एकटीला आलेलं पहिलं पत्र. पण त्या दिवशी निघता निघता बायको थबकली आणि तिने एक शेवटचा प्रश्न विचारला. या रिटर्नमध्ये काही चुकलं असलं तर?

दोघांची सही आहे, बाई म्हणाल्या, तर दोघंही जबाबदार. एकत्र, आणि एकेकटेही.

"चूक यांची असली तरी?"

"तरी."

"मी त्यात काहीच केलेलं नसलं तरी?"

"तरीसुद्धा, हनी. तुमची सही आहे ना."

मला वाटलं, आता हिचा चेहरा पडणार. मी समजूत घालायच्या तयारीत होतो. पण ती पार्किंगमध्ये येईपर्यंत तरंगत चालत होती, साडीची किनार शूजवर उडवत. मुलगी मागच्या सीटवर बसून मैत्रिणींना काहीतरी टाइप करत खिदळत होती. बायकोने गाडी सुरू केली, आरसा नीट केला, रिव्हर्स टाकला आणि ब्रेकवर पाय ठेवून माझ्याकडे वळली.

"ऐकलंत ना? तुमच्या चुकीला आता मीही जबाबदार आहे."

"ऐकलं."

"मग यापुढे चूक करायची असली तर आधी मला विचारायचं. परस्पर करायची नाही."